दगडखाणीचे उत्पादन मोजण्याच्या पद्धती : चार आकडे जुळत नाहीत तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम आकाराच्या दगडखाणीचे एका महिन्याचे उत्पादन चार प्रकारे मोजले गेले. खाणीपासून क्रशरपर्यंत डंपरच्या 1,250 खेपा झाल्या आणि हौद्याची क्षमता 14 घनमीटर धरल्यावर 17,500 घनमीटर माल आला. महिन्याच्या आरंभीच्या आणि अखेरच्या ड्रोन सर्वेक्षणांत 10,800 घनमीटरचा फरक निघाला. पहिल्या क्रशरनंतरच्या पट्ट्यावर बसवलेल्या वजनयंत्राने 30,200 टन दाखवले, तर फाटकावरच्या वजनकाट्याच्या नोंदीनुसार 24,600 टन माल बाहेर गेला. यांपैकी खरा आकडा कोणता आणि पुढे कोणत्या पद्धतीवर भिस्त ठेवावी, असे विचारले आहे.

हे चारही आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आहेत, असे मी आधीच सांगतो. तसे ते दिसत नाहीत, कारण प्रत्येक पद्धत वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या अवस्थेतला माल मोजते. ड्रोन डोंगराच्या पोटातून गेलेला अखंड दगड मोजतो, खेपांचा हिशेब फुटून फुगलेल्या दगडाचा असतो, पट्टा क्रशरमधून गेलेल्या मालाचे वजन सांगतो आणि फाटकावरचा काटा फक्त बाहेर गेलेला माल मोजतो. उत्पादन हा शब्द या चौघांनाही लावला जातो आणि तेथूनच वाद सुरू होतो. म्हणून आकडा लिहिताना त्याच्या पुढे अवस्था लिहिण्याची सवय लावावी : अखंड घनमीटर, सुटे घनमीटर, ओला टन, कोरडा टन. ब्रासमध्ये हिशेब ठेवणाऱ्यांनी तर हे विशेष जपावे. 100 घनफुटांचा म्हणजे सुमारे 2.83 घनमीटरचा एक ब्रास अखंड दगडाचा असेल तर त्यातून सुट्या मालाचे साधारण दीड ब्रास भरतात.

वरील आकडे एका मापात आणून पाहू. दगडाची घनता दर घनमीटरला 2.75 टन धरली, तर ड्रोनचे 10,800 अखंड घनमीटर म्हणजे 29,700 टन होतात. खेपांच्या बाबतीत दहा-बारा डंपर भरल्यावर काट्यावर घेऊन सरासरी भरती 23.1 टन निघाली असे समजू, म्हणजे सुट्या मालाची घनता दर घनमीटरला 1.65 टन झाली. त्या हिशेबाने 1,250 खेपांचे 28,875 टन होतात. फाटकावरच्या 24,600 टनांत महिन्याभरात ढिगांमध्ये वाढलेला साठा मिळवावा लागतो. तो 1,900 घनमीटर असेल आणि खडीची सुटी घनता 1.55 धरली, तर 2,945 टन होतो. पट्ट्यानंतरच्या पहिल्या चाळणीवर वेगळा पडून आवारातच भरावासाठी टाकलेला मुरूममिश्रित चुरा सुमारे 2,000 टन धरला, की एकूण 29,545 टन भरतात. म्हणजे चार वाटांनी 28,875, 29,545, 29,700 आणि 30,200 असे आकडे आले. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांतील अंतर साडेचार टक्क्यांच्या आसपास आहे. भरती, साठा आणि चुरा यांचे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, तेथे तुमच्या नोंदी घालाव्यात. रीत मात्र हीच राहील.

आता एकेका पद्धतीकडे वळतो. सर्वांना सारखी जागा देणार नाही, कारण सर्वांची योग्यता सारखी नाही.

क्रशरची लेखी क्षमता गुणिले चाललेले तास, हा हिशेब मी उत्पादनाच्या नोंदीसाठी कधीच स्वीकारत नाही. क्रशरची क्षमता जबड्याच्या फटीवर, दगडाच्या कठीणपणावर आणि मालाच्या आकारावर अवलंबून असते, आणि तासांच्या नोंदीत यंत्र रिकामे फिरलेला वेळही मोजला जातो. दर टनामागे किती वीज लागली, हे मात्र पडताळणीसाठी उपयोगी असते. ते प्रमाण एखाद्या महिन्यात अचानक बदलले, तर एक तर यंत्रात काही बिघडले आहे किंवा मोजणीत.

स्फोटाच्या आराखड्यावरून काढलेला आकडा नियोजनासाठी चांगला असतो. बेंचची, म्हणजे कड्यात पायरीसारख्या कापलेल्या टप्प्याची, उंची 6 मीटर, भोकांच्या ओळीचे मोकळ्या कड्यापासूनचे अंतर 2.5 मीटर आणि दोन भोकांमधील अंतर 3 मीटर असेल, तर एका भोकामागे 45 घनमीटर अखंड दगड येतो. 40 भोकांचे 1,800 घनमीटर, म्हणजे 2.75 घनतेने 4,950 टन. प्रत्यक्षात मात्र कडा सरळ नसतो, भोके आखलेल्या जागी आणि आखलेल्या कोनात उतरतातच असे नाही, मागच्या बाजूचा दगड जादा सुटतो आणि कधी पायथ्याशी न फुटलेला टप्पा राहतो. वर्षभराचा आढावा घेतला तर या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खातात, पण एकेका स्फोटाचा आकडा आठ-दहा टक्क्यांनी सहज चुकू शकतो.

खेपांची मोजणी स्वस्त असते आणि ती प्रत्येक ठिकाणी होते, म्हणून तिच्याबद्दल नीट बोलले पाहिजे. तिचा दोष खेपा मोजण्यात नसून एका खेपेत किती माल होता या गृहीतात असतो. हौद्याची क्षमता काठोकाठ भरलेल्या मालाची की वर शीग आलेल्या मालाची, हेच अनेक ठिकाणी ठरलेले नसते. त्यातच मोठे धोंडे भरले की मधल्या पोकळ्या वाढतात आणि बारीक माल मिसळला की त्या भरून निघतात. एकाच हौद्यात, एकाच उंचीपर्यंत भरलेल्या दोन खेपांच्या वजनात दोन-दोन टनांचा फरक मी स्वतः काट्यावर पाहिला आहे. डंपर चालू लागला की धक्क्यांनी माल बसतो, त्यामुळे भरताना मोजलेले घनमीटर आणि उतरवताना मोजलेले घनमीटर हेही एक नसतात. पावसाळ्यात हौद्याच्या तळाला आणि कोपऱ्यांत चिकट माती बसून राहते. ती प्रत्येक खेपेत जाते आणि प्रत्येक खेपेत परत येते, आणि मोजणी करणारा मात्र तेवढा माल रोज नव्याने आला असे धरतो. या पद्धतीला सुधारण्याचा एकच उपाय आहे. दर महिन्याला, शक्य तर दर स्फोटानंतर, नमुन्यादाखल काही डंपर वजन करून सरासरी भरती काढावी आणि खेपांना त्या सरासरीने गुणावे. डंपर निवडताना भरणाऱ्या चालकाला आधी कळू देऊ नये. कळले की त्या दिवशी सगळे हौदे शिगोशीग भरतात.

पट्ट्यावरच्या वजनयंत्राबद्दल लोकांच्या मनात एक तर अंधविश्वास असतो किंवा पूर्ण अविश्वास, आणि दोन्ही चुकीचे आहेत. त्याचे काम साधे आहे. पट्ट्याखालच्या एक किंवा अधिक रोलरांवर पडणारा भार मोजून दर मीटर पट्ट्यावर किती किलो माल आहे हे काढायचे, आणि त्याला पट्ट्याच्या वेगाने गुणायचे. दर मीटरला 50 किलो आणि वेग सेकंदाला 2 मीटर असेल, तर सेकंदाला 100 किलो, म्हणजे तासाला 360 टन. एकाच रोलरवर बसवलेले यंत्र नीट सांभाळले तर एक-दोन टक्क्यांत राहते; चार रोलरांवरचे, चांगल्या जागी बसवलेले यंत्र अर्ध्या टक्क्यापर्यंत नेता येते. आंतरराष्ट्रीय कायदेशीर मापन संघटनेच्या आर 50 या शिफारशीत अशा यंत्रांचे अचूकतेनुसार वर्ग ठरवलेले आहेत आणि खरेदी करताना वर्ग विचारून घ्यावा. पण वर्ग ही कारखान्याची गोष्ट झाली. खाणीवर खरा प्रश्न शून्याचा, म्हणजे रिकाम्या पट्ट्याचे जे वजन यंत्र शून्य धरते त्याचा असतो.

तुमच्याच आकड्यांवर हे दाखवतो. पट्ट्याचा आकडा साठा धरून केलेल्या काट्याच्या हिशेबापेक्षा 655 टनांनी जास्त आहे. पट्टा महिन्यात 250 तास चालला असेल, तर ही वाढ तासाला 2.6 टन होते. पट्ट्याचा वेग सेकंदाला 2 मीटर धरला, तर तासाला 2.6 टन म्हणजे दर मीटरला केवळ 360 ग्रॅम. क्रशरजवळच्या पट्ट्यावर बोट फिरवून पाहावे : ओलसर चुऱ्याचा जो पातळ थर बोटाला लागतो, तो पट्ट्याच्या पूर्ण रुंदीवर धरला तर एवढे वजन सहज भरते. हा थर पट्ट्याबरोबर फिरत राहतो, दर फेरीला वजनयंत्रावरून जातो आणि दर फेरीला उत्पादन म्हणून मोजला जातो. यंत्रात बिघाड नाही आणि कोणी लबाडीही केलेली नाही. शून्य घेताना पट्टा स्वच्छ होता आणि आता तो नाही, एवढेच घडले आहे. यावर उपाय म्हणजे पट्टा खरवडणारी पाती शाबूत ठेवणे, आणि आठवड्यातून एकदा तरी पट्टा रिकामा करून, तो गरम होईपर्यंत चालवून, पूर्ण फेऱ्यांच्या संख्येवर शून्य घेणे. अर्ध्या फेरीवर घेतलेले शून्य कामाचे नसते, कारण पट्ट्याच्या सांध्याजवळचे वजन इतर भागापेक्षा वेगळे असते.

वेग मोजणारे चाक चालक ड्रमवर बसवलेले असेल तर पट्टा घसरतो तेव्हाही ते फिरत राहते आणि न वाहिलेला माल मोजते. ते शेपटीकडच्या ड्रमवर किंवा परतीच्या पट्ट्यावर असावे. यंत्राच्या आधीचा आणि नंतरचा रोलर यंत्राच्या रोलरांशी एका पातळीत नसेल तर पट्ट्याचा ताणच वजन म्हणून नोंदला जातो. खरी तपासणी एकच : पट्ट्यावरून गेलेला काही डंपर माल तपासलेल्या वजनकाट्यावर तोलून दोन्ही आकडे ताडून पाहणे. लोखंडी वजने टांगून किंवा साखळी ठेवून केलेली तपासणी सोयीची असते, पण ती भरलेल्या पट्ट्याची अवस्था दाखवत नाही.

एक चूक मी एका ठिकाणी स्वतः शोधून काढली आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या जागी तीच आधी तपासतो. तेथे पट्टा काट्यापेक्षा सतत बराच जास्त दाखवत असे आणि यंत्र दोनदा बदलूनही फरक पडला नव्हता. मी पट्ट्याच्या कडेने चालत चाळणीपर्यंत गेलो, तेव्हा चाळणीवर राहिलेला मोठा दगड एका लहान पट्ट्याने दुसऱ्या क्रशरकडे परत जात होता आणि फुटून पुन्हा त्याच वजनयंत्रावरून वर येत होता. एकच दगड दोनदा, काही तर तीनदा तोलला जात होता. यंत्र अचूक होते. बसवलेली जागा चुकीची होती. उत्पादन मोजायचे वजनयंत्र अशा परतीच्या फेऱ्याच्या बाहेर असले पाहिजे, आणि ते शक्य नसेल तर परतीच्या पट्ट्यावर दुसरे यंत्र बसवून वजाबाकी केली पाहिजे.

सर्वेक्षणाची पद्धत वेगळ्या जातीची आहे. ती माल मोजत नाही, खड्डा मोजते. टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षणयंत्राने, खणलेल्या भागाचे आडवे छेद घेऊन दोन छेदांच्या क्षेत्रफळांच्या सरासरीला अंतराने गुणण्याची जुनी रीत अजून चालते आणि नियमित आकाराच्या बेंचसाठी ती पुरेशीही आहे. पण खणलेला भाग निमुळता होत संपत असेल तर ती जास्त घनफळ देते. एका टोकाचे क्षेत्रफळ 60 चौरस मीटर आणि दुसऱ्या टोकाचे शून्य असेल, तर सरासरीने दर मीटर लांबीला 30 घनमीटर येतात. तो भाग सुळक्यासारखा टोकाशी मिटत असेल तर खरे घनफळ 20 घनमीटर असते. मधला एक छेद घेऊन त्याला चौपट भार दिला आणि बेरजेला सहाने भागले, की ही चूक निघून जाते.

ड्रोनने हजारो ठिपक्यांचा पृष्ठभाग मिळतो, त्यामुळे छेदांची ही अडचण उरत नाही; शिवाय कड्याच्या काठावर माणूस पाठवावा लागत नाही, आणि माझ्या लेखी हा त्याचा सर्वांत मोठा लाभ आहे. फोटो एकमेकांवर 70 ते 80 टक्के चढलेले असावेत, जमिनीवर जागा आणि उंची अचूक मोजलेल्या खुणा, म्हणजे नियंत्रणचिन्हे, असावीत आणि त्यांतली काही गणनेत न घेता केवळ पडताळणीसाठी राखून ठेवावीत. पण अचूकतेची गुरुकिल्ली उंचीत आहे. खाणीचा तळ 20,000 चौरस मीटर असेल आणि दोन सर्वेक्षणांच्या उंचीत सर्वत्र सारखा 5 सेंटिमीटरचा फरक पडला, तर 1,000 घनमीटर माल आपोआप निर्माण होतो किंवा नाहीसा होतो. तुमच्या महिन्याच्या उत्पादनाचा हा जवळजवळ दहावा हिस्सा झाला. हे टाळण्यासाठी दोन गोष्टी कराव्यात. नियंत्रणचिन्हे कायमची, न हलणाऱ्या खडकावर करावीत, म्हणजे दोन्ही वेळची चूक सारखी असेल तर वजाबाकीत जाईल. आणि घनफळ पूर्ण खाणीचे न काढता, जेथे खरोखर खणले गेले तेवढ्याच भागाभोवती सीमा आखून काढावे. 6 मीटर उंचीच्या बेंचमधून 10,800 घनमीटर निघाले, म्हणजे 1,800 चौरस मीटर जागा बदलली; तेवढ्यावर 5 सेंटिमीटरची चूक केवळ 90 घनमीटर, एक टक्क्याहून कमी.

दुसरा धोका फुटून पडलेल्या, पण न उचललेल्या मालाचा. समजा 1,000 अखंड घनमीटर दगड फोडला आणि तो फुगून 1,500 घनमीटरचा ढीग होऊन तळावर पडला आहे. ड्रोनचे गणित कड्यातून 1,000 वजा करील, तळावर 1,500 मिळवील आणि खाण 500 घनमीटरने भरली असे सांगेल. म्हणून सर्वेक्षण स्फोटाच्या आदल्या दिवशी, तळ साफ असताना करावे. तसे जमत नसेल तर ढिगाची सीमा वेगळी आखून, त्याचे घनफळ फुगवट्याने (फुटल्यावर दगडाचे घनफळ जितक्या पट होते त्या आकड्याने) भागून हिशेबात घ्यावे. तळाच्या खोलगट भागात पाणी साचले असेल तर ड्रोन पाण्याचा पृष्ठभाग मोजतो आणि पाण्याखालचे खणकाम दिसतच नाही. कड्यावरच्या झुडपांचेही तसेच. पाने गळून गेली की काही घनमीटर दगड गेल्यासारखा दिसतो.

शेवटी घनफळाला घनतेने गुणावे लागते, आणि येथे बहुतेक जण पुस्तकातला आकडा घेतात. ताज्या बेसॉल्टची घनता 2.8 ते 3.0 असते, पण पोकळ्या असलेल्या किंवा कुजलेल्या थराची त्याहून बरीच कमी, ग्रॅनाइट 2.65 ते 2.75 च्या आसपास राहतो. 2.75 ऐवजी 2.70 घेतले तरी उत्तर दोन टक्क्यांच्या जवळपास बदलते. स्वतःच्या खाणीतल्या प्रत्येक थराचे नमुने तपासून घेण्याचा खर्च या चुकीपुढे नगण्य आहे.

साठ्याच्या ढिगांना हीच तत्त्वे लागू होतात, फक्त दोन गोष्टींची भर घालतो. ढीग शंकू धरून फितीने मोजत असाल तर त्रिज्येतली पाच टक्के चूक घनफळात दहा टक्के होते. आणि ढिगाखालची जमीन सपाट आहे असे धरू नये; लोडर वर्षानुवर्षे माल उचलताना तळ खरवडत नेतो किंवा दाबलेल्या चुऱ्याचा थर चढवत जातो. ढीग पूर्ण उचलला गेला की त्या रिकाम्या जागेचे एक सर्वेक्षण करून ठेवावे आणि तोच तळ पुढे वापरावा.

फाटकावरचा वजनकाटा हे या सर्वांतले सर्वांत भरवशाचे साधन आहे, कारण तो प्रमाणित वजनांशी थेट ताडता येतो. 60 टनी काट्याचा लघुतम अंक, म्हणजे तो दाखवू शकणारा सर्वांत लहान फरक, साधारणपणे 10 किंवा 20 किलो असतो, त्यामुळे 25 टनांच्या भरतीत यंत्राची चूक किरकोळ राहते. चूक येते ती रिकाम्या गाडीच्या वजनातून. गाडीचे रिकामे वजन एकदा घेऊन संगणकात साठवले आणि वर्षभर तेच वापरले, तर इंधन, चिखल, नवे टायर, बदललेला फाळका हे सगळे मालाच्या वजनात मिसळते. प्रत्येक फेरीला रिकामी गाडी तोलावी. गर्दीमुळे शक्य नसेल तर निदान रोज एकदा. काट्याच्या फळीखाली अडकलेले खडे रोज काढावेत, आणि एकच भरलेली गाडी पुढच्या, मधल्या व मागच्या भागावर उभी करून तीनही वजने सारखी येतात का हे महिन्यातून एकदा पाहावे. ओलाव्याची नोंदही काट्याजवळच व्हावी : चुऱ्यात 5 टक्के पाणी असेल तर 25 टनांच्या गाडीत सव्वा टन पाणी जाते. खडीला हा प्रश्न फारसा नसतो, बारीक मालाला मोठा असतो.

म्हणून माझा सल्ला असा. मूळ हिशेब काट्याचा ठेवावा : बाहेर गेलेला माल, अधिक अखेरचा साठा, वजा आरंभीचा साठा, अधिक आवारातच वापरलेला किंवा टाकून दिलेला माल. पट्टा रोजच्या देखरेखीसाठी असावा, कारण संध्याकाळी लगेच आकडा देणारे साधन तेच आहे. ड्रोन दर तिमाहीला, काट्यावर अजिबात अवलंबून नसलेला साक्षीदार म्हणून. महिन्याच्या अंतराने तो वापरायचा असेल तर वर सांगितलेली सीमा आखूनच वापरावा. स्वामित्वधनासाठी (सरकारला द्यायच्या रॉयल्टीसाठी) अखंड घनफळ मागितले जात असेल तर तेही त्यातूनच मिळते. खेपांची मोजणी बंद करू नये, पण तिला घनमीटरांऐवजी तोललेली सरासरी भरती लावावी.

महिनाअखेरीस हे आकडे एकाच तक्त्यात, टनांत रूपांतर करून मांडावेत आणि मूळ हिशेबाशी प्रत्येकाचे गुणोत्तर काढावे. पट्टा दर महिन्याला 1.02 देत असेल तर मला चिंता वाटत नाही. त्याची चूक माहीत आहे आणि ती स्थिर आहे. 1.02, 1.01, 1.02 आणि मग एकदम 1.06 आले, तर त्या महिन्यात काहीतरी घडले आहे आणि ते कागद जुने होण्याआधी शोधले पाहिजे. गुणोत्तर बिघडले म्हणून पट्ट्याच्या यंत्रात परस्पर सुधारणेचा गुणक घालून आकडे जुळवणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नये. त्याने साक्षीदार नाहीसा होतो, आणि पुढच्या वेळी काट्यातच दोष आला तर तो सांगणारे कोणी उरत नाही.

तुमच्या बाबतीत सुरुवात पट्ट्यापासून करा. तो धुऊन घ्या, रिकामा चालवून नवे शून्य घ्या आणि जुन्या शून्याशी किती फरक पडला ते लिहून ठेवा. तो फरक दर मीटरला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास निघाला, तर पट्टा आणि काटा यांच्यातील 655 टनांचा खुलासा झाला. फरक तेवढा नसेल, तर पुढचे पाऊल चाळणीवर वेगळ्या पडणाऱ्या मुरूममिश्रित चुऱ्याचे. तो आठवडाभर तोलून पाहावा, कारण या हिशेबात अंदाजाने धरला जाणारा आकडा बहुधा तोच असतो.